तुझ्या नावाआधीचा शब्द

कुंदाताई,

तू गेलीस त्याच आठवड्यात तुझ्या दिराने, सुधाकरभाऊंनी, मला अंगणात बाजूला घेतलं आणि म्हणाले, "तुमी पत्रकं लिवता ना? मंग फाट्यावरच्या श्रद्धांजलीच्या बोर्डाचा मजकूर तुमीच लिवून द्या. तेरवीच्या आधी लागला पाह्यजे."

मी हो म्हटलं. इतक्या पटकन मी कधी कुणाला हो म्हटलं नसेल, आणि इतक्या पटकन अडकलेही नसेन. फोटो ठरायचा होता, मजकूर ठरायचा होता, त्याच्याही आधी तुझं नाव लिहायचं होतं. आणि नावाआधी काय, तिथेच पेन थांबलं.

तू कधी जन्मलीस, किती शिकलीस, मागे कोण कोण आहे, हे मी इथे लिहिणार नाही. ते लिहिणारे पुष्कळ आहेत. डेंग्यूच्या तापाने चालतंबोलतं माणूस बघता बघता जातं, हे आता सगळ्या गावाला कळलंय, आणि तुझ्या घरासमोरची नाली तरीही तुंबलेलीच आहे. त्यावर मी वेगळं पत्रक काढीन. इथे मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. मैदानात तू एकही चेंडू अर्ध्यावर सोडला नाहीस. भांडण मात्र सोडायचीस. "पुढच्या वक्ती बोलू" म्हणायचीस आणि हाराचा दोरा दाताने तोडायचीस.

मी कॉलेजातून फुटबॉल संघात आले तेव्हा तू सगळ्यांची ताई होऊन बसली होतीस. बाकी आम्ही पोरी, आणि मधोमध तू, तिशी ओलांडलेली. पहाटे शेतातली शेवंती तोडायची, अमरावतीच्या फुलबाजारात गाळ्यावर टाकायची, आणि तिथून तशीच स्कूटीवर मैदानात. बोटं देठांच्या रसाने काळी झालेली. पहिल्याच दिवशी माझी चौकशी केलीस.

"बाप काय करते तुहा?"

"वकील आहेत."

"मंग तू माह्या उजवीकडं खेळ. वकील जवळ असलेला बरा."

झालं. त्या दिवसापासून मी उजवी बचावपटू आणि वकीलबाई. जागा आणि नाव, दोन्ही तू एका दमात वाटलंस. माझ्या घरात पिढ्यानपिढ्या कायदा आणि पौरोहित्य. जेवतानासुद्धा आमच्याकडे मुद्दे मांडतात. तुझ्याकडे मुद्दे नव्हते. "चेंडूकडं नको पाहू. चेंडू खोटं बोलते. समोरच्या पोट्टीच्या कंबरीकडं पाह्य. कंबर खोटं बोलत नाई." मी हे आजही करते. सभेत सुद्धा करते. माइकवर बोलणाऱ्या पुढाऱ्याकडे बघताना माझी नजर त्याच्या तोंडावर नसते, तो खुर्चीत कोणीकडे कलतोय तिकडे असते. हे तुझं देणं आहे आणि ते कुठल्या शिबिरात मिळालं नसतं.

तू स्टॉपर. गोलकीपरच्या पुढे, बचावाच्या मधोमध उभी राहायचीस. बाकीच्या संघांतले स्टॉपर धक्के मारतात, जर्सी ओढतात, पंचांची पाठ फिरली की चिमटे काढतात. तू गप्पा मारायचीस. एसटीत शेजारी बसलेल्या बाईशी माराव्यात तशा. अकोल्याला अंतिम सामन्यात ती उंच पोरगी होती ना, वैशाली, जिच्या भीतीने आमची रात्र जागून गेली होती. अमरावती-अकोला म्हटलं की आधीच दोन्हीकडच्या लोकांच्या नाकाला मिरची लागते. विभागीय महिला लीगची ढाल तोवर एकदाही बडनेऱ्याच्या अलीकडे, अमरावतीत आलेली नव्हती. सामना सकाळी ठेवलेला, तरी अकोल्याचं ऊन म्हणजे ऊन. मुरमाचं मैदान तव्यासारखं. आणि तू त्या पोरीच्या पाठीला पाठ लावून विचारतेस काय,

"कुठची वं तू? मूर्तिजापूरची काय?"

ती चेंडूकडेच बघत राहिली.

"चेहऱ्यावरून मूर्तिजापूरचीच वाटते."

"नाई. बार्शीटाकळीची."

"बाप्पा! बार्शीटाकळीची! तुमच्या इकडं नळाले पाणी येते का?"

"कायचं येते! आठ-आठ दिवस—"

तिच्या डोक्यावरून चेंडू निघून गेलेला होता आणि मी तो उचलून पुढे मारलाही होता. तिचे प्रशिक्षक रेषेवरून बोंबलत होते, "वैशाली, बोलू नको तिच्याशी! ते बाई बोलण्यात घेते!" आणि तू त्यांनाही सोडलं नाहीस. "काहून जी सर, पाण्याचं विचारलं, काय गुन्हा केला?" पंच हसले. आपण एक-शून्यने जिंकलो. पिंकीने कॉर्नरवर डोक्याने मारलेला गोल.

परतीच्या पॅसेंजरमध्ये ढाल तुझ्या मांडीवर होती. पिंकी तिच्यावर गिला वडा ठेवून खात होती आणि तू तिला रागावत नव्हतीस. समोरच्या बाकावरच्या एका काकांनी विचारलं, "कोणाचं लगन झालं काय?" तू म्हणालीस, "हो जी, आमच्या सगळ्याईचं. एकदमच. ह्या ढालीसंग."

इथवर सगळं छान आहे. इथवर कुणीही लिहील. आता पुढचं.

अमरावतीत आपला सत्कार ठेवला. एका महिला मंडळाने ठेवला, नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका मंडळाचा नाही. प्रमुख पाहुणे भाषणात दोनदा कबड्डी म्हणाले. त्यांच्या गळ्यातला हार तुझ्याच शेतातल्या शेवंतीचा होता, तू मला कोपराने ढोसून दाखवलास. मग अध्यक्षबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या लेकी विजय मिळवून माहेरी आल्यात. आपण त्यांची ओटी भरू." टाळ्या. आम्ही सगळ्या जर्सीत. पदर कुठला आणायचा? आम्ही जर्सीचं टोक पुढे धरलं. कुणी हसलं, कुणी फोटो काढले. कुंकू, तांदूळ, खण, नारळ. एकेक करत बाई तुझ्यापर्यंत आल्या. हात करंड्याकडे गेला होता. मागून कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं. तो हात तसाच तुझ्यासमोरून माझ्याकडे आला.

कप्तान तू. ढाल तुझ्या हातात. आणि ओटी उजव्या बचावपटूची.

मी माइककडे निघाले होते. तू बूट घालून होतीस, मी चप्पल. तू माझ्या पायावर पाय ठेवलास, खिळ्यांसकट, आणि समोर बघत हसतच म्हणालीस, "गप." मला वेदनेने बोलताच आलं नाही. नंतर जाब विचारला तर अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगं, त्यांच्या हातात ढाल होती ना, म्हणून राहिलं." ढाल! ज्या ढालीसाठी बोलावलं, तीच आडवी आली म्हणे!

मी घरी गेले आणि पत्रक लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते राजकमल चौकात वाटलं. "विजेत्या संघाच्या विधवा कप्तानाची ओटी रिकामी का? आयोजकांनी उत्तर द्यावे." लोक थांबून वाचत होते. आमच्या संघटनेत सगळे म्हणाले, या वर्षातलं सगळ्यात धारदार पत्रक. मला वाटलं होतं, तू म्हणशील, शाब्बास वकीलबाई.

तू निरोप पाठवलास. गाळ्यावर ये.

तू हार ओवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "वाच. मोठ्यानं."

मी वाचलं.

"मोठ्या अक्षरात कोणता शब्द हाय याच्यात?"

मला सांगायची गरज नव्हती. ठळक होता, दिसत होता.

"पत्रकात एक शब्द ठळक ठेवावाच लागतो," मी म्हटलं. "लोक थांबले पाहिजेत."

"थांबले ना. इथंच थांबले, माह्या गाळ्यावर. सकाळी एक बाई शेवंती घ्याले आली अन् माह्याकडं असं पाह्यत राह्यली जसं माह्या घरी आजच मयत झालं. माही राणी मांडीवर होती तवा गेला तिचा बाप. मी रडली, उठली, फुलं तोडाले लागली, चेंडू खेळाले लागली. तू मले उचलून पुन्हा तिथंच नेऊन बसवलं."

"त्यांनी तुझा अपमान केला!"

"केला ना."

"मग मी गप्प बसायचं?"

"तुले कोण गप बस म्हणते? तुले तर जमत बी नाई. पण तू माह्यासाठी बोलून राह्यली का माह्यावर बोलून राह्यली, तेवढं सांग."

मी चिडले. मी म्हटलं, तुझ्या सासरचे लग्नपत्रिकेवर तुझ्या नावाआधी 'गं. भा.' छापतात, ते चालतं? गंगा भागीरथी! बाईला नदीचं नाव द्यायचं आणि वाहून टाकायचं! ते गोड म्हणून चालतं, आणि माझा सरळ शब्द टोचतो?

तू पहिल्यांदा मान वर केलीस. "ते बी नाई चालत. पण ते लाजून लिवते अन् तू रागानं लिवते. लिवता दोघं बी तेच. ढाल जितली ते एका ओळीत, अन् बाकी पुरा कागद माह्या कपाळावर."

"फरक आहे ताई. ते झाकतात. मी उघडं करते."

"ज्याचं कपाळ हाय त्याले विचारलं होतं का उघडू म्हणून?"

तेवढ्यात देवीसाठी हार न्यायला गिऱ्हाईक आलं. तू उठलीस. "पुढच्या वक्ती बोलू."

पुढची वेळ आली नाही. आपण सराव मात्र रोज करत होतो. काही दिवस तू माझ्याशी फक्त "सोड", "माहा", "मागं" एवढंच बोललीस. मग हळूहळू बाकीचं बोलणं परत आलं. पाऊस, पिंकीचा गुडघा, राणीची दहावी, शेवंतीवरची कीड. पत्रकाचं तेवढं नाही. एकदा अचलपूरला मैत्रीचा सामना खेळून एसटीने येताना तू आपणहून म्हणालीस, "ते पत्रक..." आणि मी सरसावून बसले, आणि पिंकीला उलटी झाली. सगळ्या गाडीत धावपळ. तू तिची पाठ चोळत बसलीस. विषय तिथेच राहिला. मला तेव्हा पिंकीचा इतका राग आला होता. आता वाटतं, आलं असतं तुझं वाक्य पूर्ण, तरी मी मधेच तोडलं असतं. आमच्याकडे तशीच पद्धत आहे.

ताप चढला होता तेव्हा मी भेटायला आले. तू बाजेवर पडून होतीस आणि संघाची जुळणी सांगत होतीस. "रविवारी स्टॉपरले तू उभी राह्य."

"मी? मला तुझ्यासारख्या गप्पा येत नाहीत."

"गप्पा नाई येत तर भाषण दे. पोट्टी उभ्याउभ्या झोपून जाईन."

मी हसले, तू हसलीस, मग तुला खोकला आला आणि राणीने मला डोळ्यांनीच जा म्हटलं. मी गेले. तुला शेवटचं काय म्हणाले, आठवत नाही. काहीतरी "आराम कर" असलंच असणार. रोज छापील शब्दांत वावरणाऱ्या बाईच्या तोंडी ऐनवेळी हेच येतं.

तर, तो बोर्ड.

मी मजकूर लिहून घेऊन गेले. वर लिहिलं होतं, 'विधवा प्रथेला मैदानातून उत्तर देणारी कप्तान'. हो, लिहिलं होतं. कपाळाला हात लावू नकोस. मला अजूनही ती ओळ वाईट वाटत नाही. सुधाकरभाऊंनी ती दोनदा वाचली आणि खिशातून आपला कागद काढला. त्यावर होतं, 'गं. भा. कुंदाबाई'. खाली गावाचं नाव, शोकाकुल परिवार, संपलं. ढाल नाही, संघ नाही. जणू तू आयुष्यभर फक्त मागे राहिलीस.

"हे नाही चालणार, सुधाकरभाऊ," मी म्हटलं.

"अन् तुमचं चालते? हे पत्रक झालं. बोर्ड नाई."

"आणि तुमचं काय आहे? तेही पत्रकच आहे. फार जुनं, एवढंच."

ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओट्यावर बसले. म्हणाले, "माह्या भावाची तेवढीच निशाणी राह्यली होती वहिनीच्या नावात. ते बी काढलं तर भाऊ कुठंच नाई राहत."

ताई, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्या दोन अक्षरांविरुद्ध मी इतके कागद छापले. ती कुणाला जिव्हाळ्याचीही असतील, असं कधी मनात आलं नाही. पण म्हणून ती बरोबर ठरतात का? नाही ठरत. मेलेल्या भावाची आठवण ठेवायला जिवंत बाईच्या नावात खिळा कशाला ठोकायचा? मी हेच बोलणार होते. याहून कडक बोलणार होते.

राणी दारात बसून फोनवर बोर्डासाठी तुझा फोटो शोधत होती. नातेवाइकांना डोक्यावर पदर घेतलेला पासपोर्ट फोटो हवा होता. तिने मैदानातला निवडला होता, त्यात तुझं तोंड उघडं आहे, केस सुटलेत आणि तू बहुधा माझ्यावरच ओरडते आहेस. राणीला फुटबॉल आवडत नाही, तुला माहीतच आहे. तुझ्या सामन्यांना ती पुस्तक घेऊन यायची. तिने फोनमधून मान वर न काढता म्हटलं,

"तुमी दोघं बी पप्पा मेल्यापासूनच सुरू करून राह्यले. मम्मीपासून करा ना."

सुधाकरभाऊंनी आपला कागद घडी करून परत खिशात ठेवला. मी माझा ठेवला. मग राणीनेच फोनवर लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'कप्तान कुंदाताई. स्टॉपर, अमरावती महिला फुटबॉल संघ. विभागीय लीग विजेत्या.' सुधाकरभाऊ म्हणाले, "स्टॉपर लोकाईले समजन का?" राणी म्हणाली, "नाई समजलं तर विचारतीन."

बोर्ड तसाच लागला.

पण मी हरले असं समजू नकोस. मी रस्त्याने घरी येताना स्वतःशीच भांडत होते. शब्द गाळला म्हणजे दुखणं गेलं का? तो हात अजून कुठल्यातरी सभागृहात कुणातरी बाईसमोरून पुढे सरकत असेल, आणि कुणीतरी म्हणत असेल, हातात अमुक होतं ना, म्हणून राहिलं. मी पत्रक काढणारच आहे. आता मी आधी विचारीन. बाई नको म्हणाली तर नाव घालणार नाही. पण नाव नसलेलं पत्रक कोण वाचतं? चेहरा नसलेल्या अपमानाची चीड कुणाला येते? हा खरा प्रश्न होता, ताई. त्या दिवशी गिऱ्हाईक आलं नसतं तर मी तुला हाच विचारला असता. तुझ्याकडे उत्तर होतं की नव्हतं, मला माहीत नाही. तुझ्याकडे नसतं तर तू काय म्हणाली असतीस ते मात्र माहीत आहे. "तुह्या बापाले विचार, तो वकील हाय."

तेरवीला वैशाली आली होती, अकोल्याहून, एकटी. मी ओळखलंच नाही, साडीत होती. तुझ्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "त्याईले सांगायचं होतं, अजून बी नळाले पाणी आठ दिवसाआडच येते." आणि रडायला लागली. मला तिच्या खांद्यावर हात ठेवता आला. एवढं मला जमतं आता.

पंगती उठल्यावर मी फाट्यावर येऊन उभी राहिले. अमरावतीची गाडी यायची होती. पलीकडे परतवाड्याकडे जाणारी एक म्हातारी भाजीची पिशवी पायाशी ठेवून बसली होती. ती तुझ्या बोर्डाकडे बघत होती. मग रस्ता ओलांडून माझ्याकडेच आली.

"हे कोण होती वं? मास्तरीन?"

"कप्तान होती."

"कायची कप्तान?"

"फुटबॉलची. चेंडू पायानं मारतात ना, आजी, तो खेळ."

"बाया?"

"सगळ्या बायाच."

ती बोर्डाकडे परत बघू लागली. "बाप्पा. केवढं तोंड उघडलं तिनं. काय झालं होतं?"

"ताप आला होता."

"अरे अरे. तरणीताठी बाई." मग जवळ सरकून, हळू आवाजात, "मालक हाय का तिचे?"

सगळं तोंडाशी आलं, ताई. मालक गेले त्या सालापासून, प्रथेपासून, सभागृहातल्या त्या हातापासून, सगळं पाठ आहे मला. म्हातारी उत्सुकतेने बघत होती, तिचा चेहरा हळहळायला तयारच होता. मी फक्त सुरू करायचा अवकाश.

"आजी," मी म्हटलं, "अकोल्याचं सांगू काय तुमाले?"

"सांग ना."

"आमी एक गोलनं पुढं होतो. टाइम सरत आला होता. त्याईची एक उंच पोट्टी एकटीच सुटली. आमची गोलकीपर पुढं धावली अन् मुरमावर घसरून पडली. मी मागून पळून राह्यली होती, पण मी काई पोहोचत नोती. गोल सारा उघडा. त्या पोट्टीनं चेंडू जोरानं बी मारला नाई. हळूच ढकलला, कोपऱ्यात."

"मंग?"

"चेंडू चालला. आमी साऱ्या जागच्या जागी उभ्या राह्यलो. ह्या ताईनं कुठून उडी घेतली मले अजून समजलं नाई. लोळतच आली. हात लावता येत नाई ना चेंडूले, तर असा पाय लांबवला. चेंडू पार रेषेवर आला होता..."

परतवाड्याची गाडी येऊन थांबली. पलीकडून कंडक्टर ओरडला, "ओ आजी! येता का?"

आजीने पिशवी उचलली, घाईघाईने रस्ता ओलांडला, पायरीवर एक पाय ठेवला आणि तशीच वळली.

"अवं, सांग ना लवकर! गेला काय आत?"

"आजी, चढा ना, गाडी लेट होऊन राह्यली!"

"थांब बापू, चेंडू अडकला हाय!"

खिडकीतली माणसं माझ्याकडे बघू लागली. कंडक्टरही बघू लागला. मी रस्त्याच्या अलीकडून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले,

"नाई, आजी! नाई जाऊ देल्ला तिनं!"

मग ती चढली.